मातीवर काढलेल्या भाकरी

आज सकाळी अंगणात आले तर कुंपणाच्या बाभळीला कापूस लागला होता. म्हणजे खरा कापूस. पहाटेपासून सरकी काढणाऱ्या जीनकडे कापसाच्या गाड्या चालल्या आहेत, वर लादलेल्या गंज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घासत जातात, आणि काट्याकाट्याला पांढरे पुंजके अडकून राहतात. इतकी वर्षं अकोल्यात काढली, तरी कोकणातून आलेल्या माझ्या डोळ्यांना हे झाड दर वेळी नवंच वाटतं. आमच्याकडे या दिवसांत भात झोडून झालेला असतो आणि घरभर पेंढ्याचा वास. इथे वास येतो तो सरकीचा, थोडा तेलकट, थोडा धुळीचा. हा वास आला की मला भूक लागते. का लागते, तेच सांगायला बसले आहे.

शेजारची कुसुम अमरावतीला कॉलेजात आहे. तिला कसलीशी पाहणी करायची आहे, आणि काल ती छापलेले प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. पहिलाच प्रश्न: आपण दररोज किती भाकरी खाता? मी हसले, तर ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "मावशी, प्रश्न चुकला का?" मी म्हटलं, चुकला नाही गं, पण हाच प्रश्न घेऊन आम्ही एकदा अख्खा एक हंगाम फुकट घालवणार होतो.

तेव्हा वऱ्हाड नागपूरच्या मध्यप्रांत सरकारच्या कारभारात होतं. मी चौथी इयत्ता झाल्यावर शाळा सोडलेली मुलगी. वडील गेले, आईनं मला आगगाडीत बसवून अकोल्याच्या लांबच्या आत्याकडे पाठवलं. आत्या वाईट नव्हती. तिनं मला आसरा दिला, हे मी जन्मभर विसरणार नाही. पण दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्याला सगळ्यांची ताटं झाल्यावर बसायची सवय आपोआप लागते. कुणी सांगावं लागत नाही. भांडी खडखडली की माझ्या छातीत धडधडायचं, आपलं काही चुकलं का म्हणून. अजूनही धडधडतं.

माझी एकच गोष्ट बरी होती, अक्षर. त्यावरच डॉक्टरीणबाईंनी मला कामाला घेतलं. बायकांच्या दवाखान्यात त्या एकट्या डॉक्टर. उंच, सावळ्या, बोलायला तुटक. अकोट रस्त्यावरच्या खेड्यांतून बाळंतपणाला येणाऱ्या बायका त्या पाहायच्या. कापूस वेचणाऱ्या बायका, अंगात रक्त नाही, नखं पांढरी. त्यांच्यासाठी दवाखान्याच्या मागच्या पडवीत दुपारचं जेवण सुरू करावं, असं बाईंच्या मनात होतं. धान्य देणारी एक समिती अमरावतीला बसायची. समितीचं म्हणणं, वेचणीच्या दिवसांत घराघरात ज्वारी असते, मजुरी असते, मग उपाशी कोण आहे ते आधी दाखवा. बाई म्हणाल्या, "दाखवू." संक्रांतीच्या आधी दाखवायचं होतं. नाहीतर पडवी रिकामी, आणि उन्हाळ्यात बाळंत होणाऱ्या बायका तशाच.

तर आम्ही निघालो, छापलेले प्रश्न घेऊन.

अशा दारोदारच्या विचारण्यात काय होतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. दारात गेलं की आधी बाज टाकतात. मग पाणी. मग गूळ. मग घरातला कर्ता पुरुष येऊन समोर बसतो आणि बायकोला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तोच देतो. "भाकरी? लागल तितक्या खाते जी. आमच्या घरी कोनाले कमी नाई." आणि आत चुलीपाशी बसलेली ती, नुसती बांगड्यांचा आवाज. एकदा मी पुरुषांना बाहेर ठेवून आत गेले, आणि एका म्हातारीला सरळ विचारलं, आजी, तुमच्या सुनेला किती भाकरी लागतात? म्हातारीच्या हातातलं पीठ थांबलं. तिनं पदरानं परात झाकली.

"पोरी, भाकर मोजत असते का कोनी?" ती म्हणाली. "तुमच्या कोकनात मोजत असन. अठी मोजली का बरकत जाते."

त्या दिवसानंतर त्या गल्लीत आमच्यासाठी बाज पडली नाही. गूळही नाही. भाकरी मोजणारी आली, एवढं आमच्या आधी पुढच्या गावात पोचलेलं असायचं.

मग बाईंनी दुसरी रीत काढली. विचारायचं नाही, नुसतं बघायचं. मी एका घरी संध्याकाळभर चुलीपाशी बसले. बसले खरी, पण मी पाहुणी. पाहुणी बसली म्हणून त्यांनी तुरीचे दाणे सोलले, कुणाकडून तरी वाटीभर तूप आणलं, आणि पहिलं ताट माझं वाढलं. बघायला गेले ते घरचं रोजचं जेवण, आणि माझ्या बसण्यानंच ते रोजचं राहिलं नाही. परत आल्यावर बाईंना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात ठेवला. मला वाटलं, आता काम गेलं. बाई म्हणाल्या, "सुशीला, आपण जिथे जातो तिथे दार असतं, आणि दारात आब्रू उभी असते. जिथे दारच नाही अशी जागा शोधायला हवी."

अशी जागा म्हणजे शेत.

मी वेचायला जाऊ लागले. बाईंनीच सांगितलं, विचारू नकोस, आधी नुसती वेच. ते दिवस आठवले की बोटांची टोकं अजून चुरचुरतात. बोंडाची सुकलेली पाकळी नखाच्या बाजूला अशी लागते की रक्तही येत नाही आणि दुखायचंही राहत नाही. दव उडालं की बायका ओट्या बांधून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत शिरायच्या. पुढून वाकायचं, दोन्ही हातांनी ओढायचं, ओटी फुगत जायची, आणि दुपारपर्यंत प्रत्येक बाई पोटुशी दिसायची. त्यावरून काय काय थट्टा चालायची, ती लिहिण्यासारखी नाही. त्या वावरातल्या वेचणीच्या मुहूर्ताला झाडापाशी दहीभात ठेवला होता, तो मी इतक्या आवडीनं खाल्ला की त्या दिवसापासून माझं नाव 'भातवाली' पडलं.

नाव ठेवणारी रुखमाबाई. मिश्रीनं काळे पडलेले दात, आवाज अख्ख्या वावरभर जाणारा. तिची सून गिरजा सातव्या महिन्यातली, सासूच्या शेजारच्या ओळीत वेचायची. रुखमाबाई मला म्हणायची, "काहून व भातवाली, हात आहेत का वात? एक बोंड धरून अर्धा घंटा पाहून राहिली. कापूस हाय थो, नवरदेव नाई."

दुपारी बाभळीखाली फडकी सुटायची. ज्वारीची भाकर, ठेचा, कधी जवसाची चटणी, कधी अंबाडीची भाजी. तिथे कुणी पाहुणं नव्हतं. माझ्याही फडक्यात आत्याकडचं उरलेलं असायचं.

एका दुपारी गिरजा उठता उठता खाली बसली. चक्कर. रुखमाबाईनं पाणी मारलं आणि सवयीनं खेकसली, "खात नाईस का व? काल राती खाल्लं नाई का? काय खाल्लं सांग."

सासूसमोर सून काय सांगणार. जेवण झालेलं, जमीन झाडून साफ केलेली, काळी भुसभुशीत माती. गिरजानं बोटानं त्या मातीवर एक गोल काढला, भाकरीएवढा. मग तळहात ठेवला आणि त्यातला अर्ध्याहून जास्त गोल पुसून टाकला. जो तुकडा राहिला त्याच्याकडे बोट दाखवलं आणि मान खाली घातली.

मला वाटलं, आता रुखमाबाईचा आवाज चढणार. ती त्या गोलाकडे बघत राहिली. मग खाली बसली, सुनेच्या गोलाशेजारी आपल्या जाड बोटानं दुसरा गोल काढला, आणि तोही पुसला. सुनेइतकाच. "मायी बी तितकीच होती," ती म्हणाली. "तुले ठाव नाई, मले ठाव नाई. दोघी एकमेकीच्या पाठीमागं कमी खाऊन राहिलो."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुयी काढ व भातवाली."

मी काढली. पुसलीही. किती ते सांगत नाही. रुखमाबाईनं काहीही न विचारता आपल्या फडक्यातला चतकोर तुकडा माझ्या मांडीवर ठेवला, आणि मी तो तिथेच खाल्ला, मान वर न करता. या वासानं मला भूक का लागते, ते हे.

दवाखान्यात पोचेपर्यंत मी जवळजवळ पळत होते. बाईंच्या टेबलावरची धूळ मी बोटानं ओढून दाखवली. गोल काढला, पुसला. सांगितलं, बाई, तोंडानं आकडा काढायचा नाही त्यांना, बोटाला मनाई नाही. आणि काल विचारायचं, रोज नाही. रोज काय खाता म्हटलं की घराची आब्रू बोलते, काल काय खाल्लं म्हटलं की पोट बोलतं.

एवढं बोलून मी घाबरले, कारण इतकं एका दमात मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. बाई उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं; पण तोंडातून निघालं ते असं: "छान आहे. पण खरं आहे हे कशावरून?"

त्या तशाच होत्या. आनंदालाही आधी तपासून घेणाऱ्या. त्यांनी मला बसवून शिकवलं, आणि माझी राहिलेली शाळा त्या हंगामात झाली असं मी समजते. म्हणाल्या, ज्या बायका तुझ्याशी बोलतात तेवढ्यांचेच गोल आणशील, तर ते बोलक्या बायकांचं पोट झालं. एक ओळ सोडून एक ओळ घ्यायची, त्या ओळीत कोणीही असो, भांडकुदळ असो, रडकी असो. सासू आणि सून वेगवेगळ्या बसवायच्या. गोल पुसताना आपण तोंड वाईट करायचं नाही, नाहीतर ती आपल्याला बरं वाटावं म्हणून जास्त पुसेल. हे शेवटचं मला कधीच सुचलं नसतं. दया दाखवली तर उत्तर बिघडतं, हे किती विचित्र, आणि किती खरं.

मग पडताळा. रुखमाबाई एक संध्याकाळ तयार झाली. "तोल, पन आकडा बोलू नको," एवढी तिची अट. वाण्याची तागडी नेली. एका पारड्यात आधी अख्खी भाकर, मग तिच्या ताटातली तेवढी, दुसऱ्यात नदीचे खडे. खडे तसेच दोन पिशव्यांत भरून दवाखान्यात आणले आणि तिथे बाईंनी त्यांचं वजन केलं. दुसऱ्या दिवशी शेतात रुखमाबाईनं गोल काढला, पुसला. दोन्ही जवळजवळ जुळले. मग आणखी काही घरी तसंच केलं. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त, पण माती खोटं बोलत नव्हती. बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी त्यांनी मला आपल्या ताटाशेजारी ताट मांडून जेवायला बसवलं, त्यांच्याच बरोबर, एकाच वेळी.

ते पुढचे आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातला सण. शेताशेतांत, अकोटकडे, इकडे अंजनगावच्या वाटेवर, बाभळीखाली बायका उकिडव्या बसून भाकरी काढताहेत, पांढऱ्या कापसाच्या ढिगाशेजारी काळ्या मातीवर गोलच गोल. कुणाच्या पायाखाली जायच्या आत मी ते कागदावर उतरवून घ्यायची. भाकरी मोजणारी म्हणून दार लावलं होतं त्या गावातल्या बायका मला हाका मारून बोलवायच्या: "ये व भातवाली, मायी कागदावर काढ."

आणि मग अमरावती. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत मी कागद छातीशी धरून बसले होते. समितीत पाच-सात गृहस्थ. मुख्य एक वकील, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. मन वाईट नव्हतं त्यांचं, पण पुराव्याला कडक. बाईंचं बोलणं त्यांनी नीट ऐकलं, कागद नीट पाहिले, आणि म्हणाले:

"बाई, बिचाऱ्या बायका आहेत. धान्य मिळणार हे त्यांना कळलं असेल, तर त्या जास्तच पुसणार. मातीतल्या रेघोट्यांवर मी समितीचं धान्य कसं देऊ?"

बाई म्हणाल्या, "त्यांना धान्याचं सांगितलेलं नाही."

"ते तुम्ही म्हणता." रावसाहेबांनी जरा विचार केला. "असं करा. हीच गोष्ट आमच्या घरी करून दाखवा. आता. आमच्या घरी अन्नाला तोटा नाही, आणि आमच्या घरच्यांना तुमच्याकडून काही नको आहे. तिथेही भाकर पुसली गेली, तर तुमची रीतच खोटी. कोणीही पुसतं, असं धरायचं."

अट सरळ होती, आणि भयंकर होती. वाटेत बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी आत गेले तर डॉक्टर आली असं होईल. तू जा. रोजच्यासारखीच." चार इयत्ता शिकलेली मुलगी, आणि अख्खी पडवी तिच्या एका प्रश्नावर.

रावसाहेबांच्या घरचं स्वयंपाकघर लखलखीत. त्यांच्या पत्नी, सगळे काकू म्हणत त्यांना, निवडायला बसल्या होत्या. पुरुष ओटीवर राहिले. तेवढं मी धीर करून मागून घेतलं. मी काकूंशेजारी बसले, थोडी ज्वारी मीही निवडली. मग परातीत पीठ पसरलं आणि म्हटलं, काकू, यावर एक अख्खी भाकर काढा. काल संध्याकाळी त्यातली जेवढी तुमच्या पोटात गेली नाही तेवढी पुसा.

त्या हसल्या. "हा काय खेळ व?" पण त्यांनी गोल काढला. सुंदर, वाटोळा. बोट थांबलं. मग हळूच तळहात ठेवला आणि निम्मा गोल पुसला.

रावसाहेबांच्या अटीप्रमाणे आम्ही हरलो होतो. परात तशीच उचलून मी ओटीवर नेली, कारण लपवायचं नाही हे बाईंनी शिकवलं होतं. रावसाहेबांनी परातीकडे पाहिलं, मग दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे.

"हे काय? आपल्या घरी?"

काकूंनी पदर सारखा केला. "काल चांदूरचे दोघे पाहुणे आयत्या वेळी नाही का आले, तुम्ही पानावर बसवले? मग उरली तेवढी उरली. परत कोण चूल पेटवते."

"अगं पण घरात धान्य होतं."

"होतं की," काकू म्हणाल्या, अगदी साधेपणानं. "घरात होतं. ताटात नव्हतं."

कालचे पाहुणे रावसाहेबांना आठवत होते. त्यांनीच तर आग्रह करून वाढलं होतं. रीत खोटी नव्हती. ती त्यांच्या घरी जितकी खरी निघाली, तितकी आम्ही कुठेच पडताळली नव्हती. आणि मला आठवतं, त्या क्षणी बाईंनी काय केलं. जिंकलेल्या माणसासारखं काही नाही. त्या म्हणाल्या, "रावसाहेब, हे एक घर आहे. एका घरावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून हे बाकीचे कागद आहेत."

रावसाहेब ते कागद घेऊन तिथेच ओटीवर बसले आणि या वेळी एकेक गोल बोटानं फिरवत वाचू लागले. सही त्यांनी त्याच दुपारी केली. निघताना काकूंनी आम्हाला जेवायला थांबवलं. रावसाहेब म्हणाले, "चार पानं मांड. तुझंही." काकूंनी आधी ऐकलंच नाही, मग ऐकलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. बाहेर मैलोन् मैल पऱ्हाटी, उन्हात पांढरीफेक. बाई झोपल्यासारख्या डोळे मिटून होत्या, पण मधेच म्हणाल्या, "सुशीला, आईला कळव." काळजी करू नकोस, हे नेहमीचंच लिहिलं मी नंतर. पहिल्यांदाच ते खरं होतं.

कुसुमला मी काल हे सगळं सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे मावशी, कोणती रीत बरोबर? विचारायची, बघायची, का काढून घ्यायची?" मला कुठलं येतं तिच्या पुस्तकातलं उत्तर. मी म्हटलं, ज्या माणसाला विचारायचं आहे, त्याला खरं सांगायला काय आडवं येतं ते आधी शोध. नवरा आडवा येतो, सासू येते, पाहुणचार येतो, बरकत येते. ते बाजूला झालं की माणूस आपण होऊन सांगतं. कुसुमनं प्रश्नांचे कागद उलटे ठेवले आणि विचारलं, "मग काल काय जेवलात, मावशी?" पोरगी हुशार आहे.

पडवी संक्रांतीच्या आधी सुरू झाली. मोठं पातेलं, वरण, कण्या, अंबाडीची भाजी, आणि तव्यावर एकामागून एक भाकर. पहिल्या दिवशी बायका लाजत, भिंतीला धरून बसल्या. रुखमाबाई सुनेला हाताला धरून घेऊन आली आणि "इले पोटभर वाढा, मंग माया नावानं बोंबला," असं सांगून स्वतः दाराशी बसली. तिलाही वाढलं. नको नको म्हणत जेवली.

हात धुतल्यावर बाईंनी मला खूण केली. रीत ती रीत. इथेही विचारायला हवंच होतं. मी अंगणातल्या मऊ मातीकडे बोट दाखवून म्हटलं, गिरजे, काढ.

गिरजानं पोट सांभाळत वाकून गोल काढला. मोठा, पुरा. आम्ही वाट पाहत राहिलो. तिनं बोटाची माती लुगड्याला पुसली आणि उभी राहिली.

"पुस ना व," रुखमाबाई म्हणाली.

"काय पुसू, आत्याबाई?" गिरजा म्हणाली. पहिल्यांदाच सासूसमोर तिचा आवाज मी नीट ऐकला. "सारी खाल्ली."